सीतेची वेणी, सुरतेच्या खिडकीत

गेल्या पंधरवड्यात निपाणीच्या एका वाचक भगिनींचा फोन आला. त्यांच्या मुलाने बंगळूरहून लाकडाच्या तुकड्यावर बांधलेले ऑर्किड भेट म्हणून आणले आहे. "मॅडम, मुळं सगळी उघडी पडलीत हो. बघवत नाही. कुंडीत माती घालून लावून टाकू का?" असे त्या विचारत होत्या. "काहीही करा, पण मातीत तेवढे लावू नका," असे मी घाईघाईने सांगितले आणि सविस्तर लिहीन म्हणून शब्द दिला. तो आज पाळते आहे.

खरे तर मी मराठी शिकवणारी बाई. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. पण या एका झाडापुरते चार शब्द मला सांगता येतील, आणि तेही माझे नव्हेत, माझ्या आईचे. ती सध्या सुरतेत माझ्या भावाकडे असते. सुरत म्हटले की आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली १६६४ ची स्वारी आठवते. आमच्या घरात मात्र सुरत म्हणजे दादाची कापड गिरणीतली नोकरी, अडाजण भागातला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि त्या फ्लॅटच्या पूर्वेच्या खिडकीत टांगलेले एक फणसाचे लाकूड.

आमचे मूळ घर जांबोटीकडचे. अंगणात जुना फणस होता आणि त्याच्या दुबेळक्यात एक आमरी वाढलेली होती. पाऊस तोंडावर आला की तिला पांढऱ्या-जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचा वीतभर लांब, कोल्ह्याच्या शेपटीसारखा घोस लोंबायचा. अप्पा तिला 'सीतेची वेणी' म्हणत. आई हळियाळकडची, माहेर कन्नड. ती म्हणे 'सीताळे दंडे'. दंडे म्हणजे केसांत माळायची माळ. लहानपणी आम्ही भांडत असू, खरे नाव कोणते? दोन्ही भाषांनी फूल सीतेलाच दिले आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आसामात याच फुलाला कपौ म्हणतात आणि बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे हे राज्यफूल आहे.

आपल्याकडे झाडावर वाढलेल्या कोणत्याही हिरव्या गोष्टीला लोक सरसकट 'बांडगूळ' म्हणतात. आमरीवर हा अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या आत मुळी घुसवून त्याचा रस पिते. आमरी फक्त सालीला धरून बसते. पावसाचे पाणी, हवेतली ओल आणि सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचे भागते. बसायला जागा घेते, जेवण आपले आपण बघते!

अप्पा २०२० मध्ये गेले. जांबोटीचे घर आईला एकटीने सांभाळणे शक्य नव्हते. माझे बेळगावातले घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. तेव्हा तिने दादाकडे जायचे ठरले. 'ठरले' म्हणजे आम्ही दोघा भावंडांनी ठरवले. तिला विचारले होते, पण ते विचारणे कसे असते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. २०२१ च्या जुलैतल्या पावसात फणस आडवा झाला. दिवाळीला आई सुरतेला निघाली तेव्हा पिशवीत कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती आमरी होती.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. आमची आमरी पडलेल्या घरच्या झाडावरची होती. रानातल्या आमऱ्या कृपया ओरबाडून आणू नका. वन खात्याच्या हद्दीतून अशी झाडे काढणे हा गुन्हा ठरतो. शिवाय यांचे बी धुळीसारखे बारीक, रुजायला त्याला ठराविक बुरशीची सोबत लागते आणि फूल यायला वर्षे जातात. हौस असेल तर रोपवाटिकेतून वाढवलेले रोप घ्यावे.

सुरतेत पहिले सहा महिने या झाडाचे हालच झाले. चुका सगळ्यांनी केल्या आणि सगळ्या प्रेमापोटी केल्या. भाच्याने डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावरून वाहून आलेले सुंदर लाकूड आणले. दिसायला झकास, पण वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात मुरलेले! मिठाने मुळांची टोके करपली. बांधायला त्याने संक्रांतीचा उरलेला मांजा घेतला. त्याच्या काचेने मुळे कापली. वहिनी काटकसरी. पाणी शुद्ध करायच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी ती बादलीत साठवून झाडांना घालते. लादी पुसायला ते ठीक, पण त्या पाण्यात गाळून बाजूला काढलेले क्षार एकवटलेले असतात. आणि मी? मी बेळगावहून फोनवर "रोज सकाळ-संध्याकाळ फवारा मारा" असा सल्ला देत होते. फवाऱ्याने पाने ओली होत, पानांच्या बेचक्यात पाणी साचे आणि मुळे मात्र कोरडीच राहत.

२०२२ च्या मे महिन्यात सुट्टीत मी सुरतेला गेले. पहाटे जाग आली तर हॉलमधून कन्नड बोलणे ऐकू आले. मला वाटले, आपल्याकडचे कोणी पाहुणे आले की काय! उठून पाहते तो आई खिडकीपाशी एकटीच उभी. समोर सुरकुतलेल्या पानांची आमरी. आई तिला विचारत होती, "नीरडिके आगेदेनु?" तहान लागली का?

मी मागच्या मागे खोलीत आले. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, ती आजवर कशी आली नव्हती कोण जाणे. आई आणि अप्पा आपसांत कन्नड बोलत. आम्ही मुले शाळेत जाऊ लागल्यावर मराठीत उत्तरे द्यायला लागलो. 'अव्वा'ची 'आई' झाली. वहिनी नंदुरबारची, तिच्या माहेरी अहिराणी. भाचा मित्रांशी गुजराती नि हिंदी बोलतो. अप्पा गेले त्या दिवसापासून आईशी कन्नड बोलणारे घरात कोणी उरलेच नव्हते. मी तिला रोज फोन करत असे आणि रोज मराठीतच बोलत असे.

असो. त्या दिवशी आईने सूत्रे हाती घेतली. "त्याच फणसाचं लाकूड पाठव," म्हणाली. परसात पडलेल्या फांदीचा हातभर तुकडा वर्षभर वाळलेला होता. तो मी पुढच्या महिन्यात स्वतः घेऊन गेले. गाडीतल्या सहप्रवाशांनी पूजेचे लाकूड समजून त्याला पाय लागू दिला नाही! तुम्हीही असेच खडबडीत सालीचे, वाळलेले, रंग-वॉर्निश किंवा वाळवीचे औषध न लावलेले लाकूड घ्यावे. नारळाचा सोडणाचा तुकडाही चालतो, पण तो आधी तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवून ठेवावा.

बांधायला आईने आपले जुने, विरलेले सुती इरकल फाडून चिंध्या काढल्या. सुरत हे साड्यांचे शहर, घरात नमुन्याच्या कापडांचे ढीग! वहिनी म्हणाली, "आई, तुमची साडी कशाला फाडता?" पण ते सारे कापड पॉलिएस्टर. ते ना पाणी धरत, ना कुजत. सुती चिंधी ओल धरते आणि काही महिन्यांनी आपोआप कुजून गळते. तोवर नव्या मुळांनी लाकूड पकडलेले असते. करपलेली पोकळ मुळे कात्री उकळत्या पाण्यातून काढून कापली. झाड जरा कलते बांधले, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी थांबत नाही. लाकूड भिंतीला चिकटवून न लावता खिडकीच्या दांडीला टांगले, म्हणजे मागूनही वारा खेळतो आणि भिंतीचा रंगही जात नाही. वहिनीची ती एक रास्त तक्रार होती.

पाण्याची रीत साधी आहे. आमरीच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, पाणी प्याले की हिरवट होते. झाडाचे मुख तेच! सकाळी लाकडासकट मुळे बादलीत पंधरा-वीस मिनिटे बुडवायची, शेंडा वर ठेवायचा. मुळे हिरवी झाली की बाहेर काढायचे, न्हाणीघरात निथळू द्यायचे आणि मग जागेवर टांगायचे. हॉलमध्ये एक थेंब पडत नाही. दुपारनंतर मुळे पुन्हा रुपेरी झाली पाहिजेत. दिवसभर ओली राहिली तर कुजतात. मातीत लावायचे नाही ते यासाठीच.

सुरत समुद्राजवळ, तापीच्या काठी. पावसाळ्यात हवेत ओल भरपूर, तेव्हा दोन-तीन दिवसांआड बुडवले तरी पुरते. उन्हाळ्यात रोज. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण झाडाची वाढही मंदावते, म्हणून एक दिवसाआड. आपल्याकडेही साधारण हेच चालेल. पाणी शक्यतो पावसाचे, नाहीतर पिण्याचे गोडे. बादलीवर पांढरे डाग पाडणारे बोअरचे मचूळ पाणी नको. आई गच्चीवर पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ देते आणि नंतरचे पाणी पिंपात झाकून ठेवते.

उजेड भरपूर हवा. पूर्वेच्या खिडकीतले नऊ-दहापर्यंतचे कोवळे ऊन उत्तम. पाने गर्द हिरवी नि लुळी झाली तर उजेड कमी पडतो आहे, पिवळट झाली तर जास्त होतो आहे. पंख्याचा वारा चालतो, एसीचा झोत नाही. खत म्हणाल तर आपले शेतकरी वापरतात तेच एकोणीस-एकोणीस-एकोणीस, पण अगदी चिमूटभर. लीटरला अर्धा ग्राम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मुळे साध्या पाण्याने भिजवून झाल्यावर. थंडीत खत बंद. पानांखाली तपकिरी खवले दिसले तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढावेत.

२०२३ मध्ये आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. वाकायचे नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. मग आई न्हाणीघराच्या दारात खुर्ची टाकून बसे आणि वहिनी झाड बुडवून धरी. आई घड्याळ बघत नसे, मुळे बघे. रंग बदलला की म्हणे, "साकु!" की वहिनीने उचलायचे. महिनाभरात वहिनी आपणच "साकु, साकु" म्हणायला लागली. आता पोळी वाढतानाही ती सासूला "साकु?" असेच विचारते.

फूल मात्र २०२२ ला आले नाही, २०२३ लाही नाही. भाचा म्हणाला, "आजी, हे नुसतं पानांचंच आहे बहुतेक." आई काही बोलली नाही. २०२४ च्या मे अखेरीस एका पानाच्या बगलेतून हिरवी चोच निघाली. पुढे तिची वेणी झाली. जांबोटीइतकी लांब नव्हे, पण सीतेचीच. दोनेक आठवडे टिकली. आईने ती तोडू दिली नाही. गळलेली फुले तेवढी गोळा करून अप्पांच्या फोटोसमोर वाटीत ठेवली. मी ती व्हिडिओ कॉलवर पाहिली.

मला स्वतःच्या बदलाची बढाई मारायची नाही. माझे कन्नड बाजारात भाव करण्याइतपत गंजले होते. त्या मे महिन्यातली पहाट ऐकूनसुद्धा पहिले वाक्य तोंडातून निघायला मला आठवडा लागला. सुरतेहून परतल्यावर एका दुपारी फोन लावला आणि म्हटले, "अव्वा, ऊटा आतेनु?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटले, लाईन तुटली. मग आई म्हणाली, "आतु. निंदु?" आणि पुढे वीस मिनिटे थांबली नाही. निम्मे मला कळले नाही, ते मी पुन्हा विचारून घेतले.

तर निपाणीच्या ताई, तुमचे झाड मातीत लावू नका. मुळे उघडी दिसतात म्हणून जीव घाबरा करून घेऊ नका, ती तशीच बरी असतात. उद्या सकाळी बादलीत बुडवून बघा आणि मुळे हिरवी झाली की कळवा. आणि बाकी, मुलाला बंगळूरला फोन कराल तेव्हा जेवलास का हे घरच्या भाषेत विचारा.