आमसुलाच्या पाण्यातले रसायनशास्त्र

शालेय विज्ञान प्रदर्शनांत वर्षानुवर्षे तोच ज्वालामुखी मांडला जातो. रत्नागिरीच्या मुलांना मात्र त्याहून सकस प्रयोग स्वयंपाकघरातच मिळतो. भौगोलिक मानांकन लाभलेल्या येथील कोकमाची आमसुले कोमट पाण्यात भिजवली असता उतरणारा लाल अर्क अँथोसायनिनमुळे, म्हणजे आम्ल-अल्कलीनुसार रंग पालटणाऱ्या वनस्पतिज रंगद्रव्यामुळे, नैसर्गिक दर्शक ठरतो: लिंबाच्या रसात तो लालच राहतो, तर खाण्याचा सोडा पडताच फसफसतो आणि आम्ल संपत जाईल तसा निळसर होऊ लागतो. जांभ्या दगडाचा तुकडा कोरडा व नंतर भिजवून तोलल्यास त्याच्या सच्छिद्रतेचा, म्हणजे पाणी धरणाऱ्या पोकळ्यांचा, अंदाजही येतो. नोंदी मुलांनीच, फसलेल्या निरीक्षणांसह, स्वतःच्या अक्षरात कराव्यात आणि पालकांनी तयार प्रतिकृती विकत आणू नयेत.