शेकडा आणि जुडी

आमच्या घरी तारीख ताटावरून कळते. एक ते दहा पनीर, मटार-पुलाव, क्वचित श्रीखंड. दहा ते वीस आपली पोळी-भाजी, वरण-भात. वीसच्या पुढे झिरकं, येसर आमटी, डुबुकवडे. आणि पंचवीस उलटली की शेंगोळे. परवा मुलाने स्वयंपाकघरात येऊन कढईवरचं झाकण उचललं, आत डोकावला आणि विचारलं, "आज सत्तावीस का गं?" सव्वीस होती. एका दिवसाने चुकला.

शेंगोळ्यांना महिनाअखेरचं जेवण मीच करून टाकलंय, याचं जरा वाईट वाटतं. आई ते पावसाळ्यात करायची, झड लागली की. हुलग्याचं पीठ दोन वाट्या, बांधणीपुरतं गव्हाचं, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण. घट्ट मळायचं. तेलाचा हात लावून पाटावर गोळी लांब वळायची, टोकं जुळवून कडं करायचं आणि खळखळत्या फोडणीच्या पाण्यात एकेक सोडायचं. घाई करून सगळी एकदम टाकली तर आत एकच गोळा होतो, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंसमोर सिद्ध केलेलं आहे. शेवटी परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून तेही ओतायचं, रस्सा दाट होतो. भाजी लागत नाही, डाळ लागत नाही. वर बुक्कीने फोडलेला कांदा.

तर किराणा, दूध, भाजी, तेल-तूप मिळून चौघांचे महिन्याला 11,000 रुपये. गॅस वेगळा. आकडा ह्यांच्याशी वाद घालून दोन वर्षांपूर्वी ठरला आणि चोवीसपैकी सतरा महिने मी तो पाळला. उरलेल्या सातांत दोन दिवाळ्या, एक बारसं आणि पाहुणे. वही माझ्याकडे असते, शंका त्यांच्याकडे.

आता अडचण सांगते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. कांदा, थोडी द्राक्षं, मधल्या काळात कोथिंबीर-मेथी. सासर नाशकात, इंदिरानगरला. त्यामुळे माझ्या वहीतला भाजीचा आकडा खाली आला की माहेरचा फोन खालच्या आवाजात येतो. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हाची गोष्ट. लाल कांदा निघायचे दिवस होते. लासलगावचे भाव पंधरवड्यात जवळपास निम्म्यावर आले. उन्हाळ कांदा असता तर चाळीत भरून चार महिने वाट बघता आली असती. लाल कांदा टिकत नाही, निघाला की विकावाच लागतो. त्या महिन्यात माझे भाजीचे चारशे रुपये वाचले आणि मी बावळटासारखं भावाला फोनवर ते सांगून बसले. "बरं झालं ताई," एवढंच म्हणाला. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के निर्यातशुल्क लावून. तोवर त्याचा लाल कांदा कधीच विकून झाला होता.

नाशिकला भाजी स्वस्त, असं मुंबईचे नातेवाईक म्हणतात. खरंही आहे. इथल्या मार्केट यार्डातून रोज गाड्या मुंबईकडे जातात, आणि तिकडे पाणी तुंबलं, गाड्या अडकल्या की इकडे मेथीला कुणी विचारत नाही. मी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जाते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सुटलं आणि पात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा कमरेपर्यंत बुडाला की घाट सोडून बाजार वर सरकतो, विक्रेते कमी येतात, भाव चढतात. एरवी साडेसातनंतर गेलं की वाट्याने भाजी मिळते: वांगी-टोमॅटोचे ढीग, गोणपाटावर मांडलेले, घ्या आणि उठा. घासाघीस करायची मला खोड आहे. ती मी गुण समजत होते.

मागच्या हिवाळ्यात भावजय माझ्याकडे राहायला आली होती. तिला हौसेने बुधवारच्या बाजाराला नेलं. कोथिंबिरीच्या जुडीचे बाईने दहा सांगितले. मी म्हटलं, पंधराला दोन द्या. बाई म्हणाली, ताई, आता उठायचीच वेळ झालीय, पण दहाला दोन नका मागू. मी दहाला दोन मागितल्या. मिळाल्या. पिशवी भरून मागे वळले तर भावजय दोन पावलं लांब जाऊन उभी, जणू आमची ओळखच नाही.

रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "ताई, शेकडा किती गेला असेल हा?"

पालेभाजीचा लिलाव शेकड्याने होतो, शंभर जुड्यांचा भाव. त्यांची कोथिंबीर आदल्याच आठवड्यात दीडशे रुपये शेकडा गेली होती. म्हणजे जुडी दीड रुपयाला. उपटायची, मुळांची माती झटकायची, मुठी जुळवून जुड्या बांधायच्या, गाडीचं भाडं द्यायचं. बांधणाऱ्या बायकांची मजुरीसुद्धा दीड रुपयात बसत नाही. मी पाच रुपयांना घेतली आणि विजयी मुद्रेने निघाले होते. मधले साडेतीन कुणाचे, असं मी विचारलं तर ती म्हणाली, त्या घाटावरच्या बाईचं काही चुकत नाही, तिची निम्मी टोपली रात्री गाईपुढे जाते. मग चुकतं कुणाचं, यावर आम्ही मुंबई नाक्यापर्यंत बोललो आणि रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त सांगितले ते न बोलता दिले.

त्या रात्री मी वही उलटी वाचली. म्हणजे स्वस्त काय मिळालं ते न बघता महाग काय पडलं ते बघितलं. भाजीचे महिन्याचे 1,760 निघाले. आणि मोबाइलवरून दहा मिनिटांत दारात येणाऱ्या पिशव्यांचे, म्हणजे वेफर्स, बिस्किटं, थंड पेयं, "फक्त दही मागवायचंय" म्हणून मागवलेल्या दह्याबरोबर आलेल्या आणखी तीन वस्तू, यांचे 1,890. त्यांतल्या एकाही पाकिटाशी मी घासाघीस केली नव्हती. छापील किमतीपुढे माझी जीभ वळत नाही, ती फक्त गोणपाटावर बसलेल्या बाईपुढे वळते.

हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. केंद्राच्या 2022-23 च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चात भाजीपाल्याचा वाटा 3.80 टक्के निघाला आणि पेयं, खाऊ, तयार खाद्यपदार्थांचा 10.64 टक्के. जवळपास पावणेतीन पट. तरी टोमॅटो महागला की बातमी होते, "गृहिणींचं बजेट कोलमडलं" म्हणून छायाचित्रासह. वेफर्सच्या पाकिटात हवा वाढली म्हणून कोलमडलेल्या गृहिणीचं छायाचित्र मी अजून पाहिलेलं नाही.

तेव्हापासून पालेभाजीवर घासाघीस बंद केली. बचत दुसरीकडून काढते. डाळी वाण्याकडून गोणीतल्या सुट्या. जुलै 2022 मध्ये पाकीटबंद, लेबलवाल्या डाळी-पिठांवर 5 टक्के जीएसटी आला, सुट्यावर नाही. फोनवरचं ते अ‍ॅप काढून टाकलं, मुलीने ते तिच्या फोनवर घेतलं, तिच्याशी वाटाघाटी चालू आहेत. आणि जे आणलं ते पूर्ण वापरायचं. कोथिंबीर न धुता निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात, धुवायची ती चिरताना. काड्या फेकायच्या नाहीत, खरा वास त्यांच्यातच असतो. त्या आमटीच्या वाटणात घालते. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, फ्लॉवरचे कोवळे दांडे पिठल्यात, मुळ्याचा पाला मुगाच्या डाळीत. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा आठवड्यातून एकदा नाश्त्याला, त्यात कांदा सढळ. कोबीच्या दांड्याची कोशिंबीर मात्र एकदाच केली. घरातले सगळे जण ती सोसून बसले होते, तेवढं पुरे.

बेत आधी ठरवून बाजारात जाणं सोडलं, हे सगळ्यात उपयोगी पडलं. आठवड्याचा मेन्यू लिहून फ्रिजवर लावायची पद्धत शिकले होते. पण मंगळवारी मटार असं लिहिलेलं असलं की मटार कितीही महाग असोत, घेतले जातात. घाटावर जे ढिगाने आलंय ते घ्यायचं आणि त्याचं काय करायचं ते रिक्षात ठरवायचं. मेथी आली की मेथी तीन रूपांत येते: बुधवारी भाजी, गुरुवारी मुटके, शुक्रवारी उरलेली वाळायला. मुलगा म्हणतो, आई, शुक्रवारी घर मेथीचं वाटतं.

यंदा मे महिन्यात भावाकडची पिकअप मार्केट यार्डात आली होती. येताना त्याने दारात एक पोतं उतरवलं. सगळी गोल्टी, लिंबाएवढा कांदा; चाळीस किलो तरी असेल. सोलायला वैताग, पण अख्खाच भरून रश्शात टाकला तर त्याला तोड नाही. मी गॅलरीत जाळीच्या क्रेटमध्ये पसरला, बटाट्यापासून लांब, आणि वही काढून फोन केला.

"कोणत्या भावाने लिहू?"

"गोल्टीला कसला भाव ताई? लिलावात ती बाजूलाच काढायला लावतात. शून्य लिही."

शून्य लिहिलं. पण रिकामं पोतं माहेरी परत पाठवायचं नसतं. चार दिवसांनी पिकअप पुन्हा आली तेव्हा त्यात किलोभर चिवडा घातला, भावजयीला चहापत्ती आणि भाच्याला शाळेच्या वह्या. ड्रायव्हरदादांच्या हातात पोतं दिलं आणि घरात येऊन खर्च किराण्याच्याच रकान्यात लिहिला, कारण आमच्या वहीला दुसरा रकाना नाही.

मे महिना 11,640 वर बंद झाला. ह्यांनी चष्मा लावून पान पाहिलं.

"सगळं बरोबर दिसतंय. हे वरचे सहाशे चाळीस कशाचे?"

"कांद्याचे," मी म्हटलं.