शतायुषी सीडी

पूर्वी बिजवराचं वय आणि अलीकडे कोऱ्या सीडीचं आयुष्य, या दोन बाबतींत मध्यस्थाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बिजवराची दहा वर्षं लपवली जात. सीडीची नव्वद वाढवून सांगितली गेली.

2000 सालानंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडची लग्नं, मुंजी, साठीशांती सगळं या तबकड्यांवर चढलं. फोटोग्राफर म्हणे, "काका, कॅसेटला बुरशी येते. सीडी करून घ्या, शंभर वर्षं बघायला नको!" त्याचं निम्मं वाक्य खरं ठरलं. पुष्कळ घरांत आता खरोखरच काही बघायला मिळत नाही.

हा शंभराचा आकडा आला कुठून? घरी भरायची सीडी जपानच्या तैयो युदेन कंपनीनं 1988 साली विकसित केली. म्हणजे बाईंची शंभरी भरायला अजून अवकाश आहे. मग कारखानदारांनी काय केलं? काही तबकड्या उष्ण, दमट पेटीत काही आठवडे ठेवल्या, किती बिघडल्या ते मोजलं आणि त्रैराशिक मांडलं. शाळेच्या गणितातला हौद असाच भरत असे; त्याला गळती आहे, हे शेवटच्या ओळीत कळायचं.

गळती इथंही आहे. दुकानातली गाण्यांची सीडी छापलेली असते. प्लास्टिकवर खड्डेच उठवलेले असतात. घरच्या सीडीत असतो सेंद्रिय रंगाचा पातळ थर. लेसर त्यावर डाग पाडतो आणि त्या डागांत तुमचं कन्यादान असतं! रंगाचं ऊन, उष्मा आणि दमट हवेत काय होतं, हे दोरीवर शर्ट वाळत घालणाऱ्याला सांगायला नको. त्यातून कोकणातला पावसाळा!

बरं, हा थर असतो कुठं? आपण खालची चकचकीत बाजू बाळंतिणीसारखी जपतो. तिथं 1.2 मिलिमीटर प्लास्टिक असतं. मजकूर असतो वर, लेबलाच्या लगेच खाली, वॉर्निशसारख्या पातळ लेपाआड. नेमकं तिथंच आपण बॉलपेन दाबून 'शुभविवाह' लिहितो आणि वर गणपतीचं स्टिकर चिकटवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं 2003 सालच्या पुस्तिकेत हे दोन्ही करू नका म्हणून बजावलं होतं. डीव्हीडीत थर मधोमध असतो खरा, पण तोही रंगाचाच.

सगळ्यात राग येतो तो तिच्या सोशिकपणाचा. कागद पिवळा पडतो, कॅसेट खरखरते. निदान दुखणं सांगतात तरी. सीडीत चुका दुरुस्त करायची गणिती सोय असते, त्यामुळं आतून पोखरली तरी चित्र स्वच्छ. एखाद्या वहिनी "मला काय धाड भरलीय!" म्हणत पोळ्या लाटतात आणि एके दिवशी एकदम आडव्या होतात, तशी ही. काल चाललेली सीडी आज ओळखसुद्धा दाखवत नाही.

"आमची वीस वर्षं चालतेय," असं सांगणारे भेटतात. चालत असेल. चांगल्या मालाची, अंधारात, थंड नि कोरड्या जागी ठेवलेली चालते. पण पन्नासांच्या डब्यातली नेमकी कुठली चालणार, हे डब्यावर छापत नाहीत. शिवाय चालवायची कशावर? नव्या लॅपटॉपांना बहुधा ते तोंडच नसतं. तैयो युदेननं 2015 अखेर हा धंदा आवरला. वायदा शंभर वर्षांचा आणि मूळ घराणंच सत्तावीस वर्षांत उठलं!

तेव्हा विश्वास तबकडीवर नको, नकलेवर ठेवा. ज्ञानदेवांच्या हयातीतली ज्ञानेश्वरीची प्रत आज आपल्याकडे नाही, ज्ञानेश्वरी आहे. कारण नकला करणारे होते, आणि नकलांत शिरलेल्या चुका काढायला 1584 साली एकनाथ बसले होते. आपल्याला तेवढंही नको. या रविवारी कपाटातल्या सीड्या काढाव्या, कोणाकडून तरी ड्राइव्ह मागून आणावा, दोन ठिकाणी प्रती कराव्या. त्यातली एक लेकीच्या घरी ठेवावी. त्या तबकडीत आजीचा आवाज असेल, तर तो जगात दुसरीकडं कुठंही नाही.

मग रिकाम्या सीड्या बाल्कनीत कबुतरांसाठी टांगाव्या. तिथं त्या शंभर वर्षं टिकतील, अशी हमी मी देतो. माझं काय जातं? विचारायला येणार कोण!