स्तंभाला सलाम, गुडघ्याला शून्य?

1 जानेवारीला नवी मुंबईतून भीमा कोरेगावला गाड्या भरून जातात. आम्हीही जातो, जाणारच. पण आपल्याच सोसायटीच्या गेटवर महार रेजिमेंटचा निवृत्त शिपाई बारा तास उभा असतो, त्याच्या गुडघ्यांची चौकशी आम्ही कधी केली?

गुडघा बदलण्याचा खर्च ईसीएचएस योजनेतून होतो. अपंगत्व पेन्शन ही वेगळी लढाई. ती ठरते निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने लिहिलेल्या टक्क्यांवर आणि एका शेऱ्यावर: आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला, की नाही? मुदत संपवून निवृत्त झालेल्याला 19 टक्के लिहिले तर हातात शून्य. 20 लिहिले तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या राम अवतार निकालाप्रमाणे ते 50 धरायचे. अमेरिकेत सेवेमुळे गेलेला गुडघा बदलला की पुढे किमान 30 टक्के कायम राहतात.

आता कॅगचा 2023 चा अहवाल बघा. दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 36 ते 40 टक्क्यांना अपंगत्वाची रक्कम मिळाली, जवानांपैकी 15 ते 18 टक्क्यांना. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढतो कोण? अधिकाऱ्यांचे गुडघे जन्मतःच नाजूक असतात असे तर नाही ना! फरक कागदाचा आहे. कोणता शेरा कुठे खोडून काढायचा, हे ज्याला माहीत त्याचे टक्के वाढतात.

काही साथी म्हणतात, हा पेन्शनवाल्यांचा प्रश्न, चळवळीचा नव्हे. अरे, चळवळ सुरू कुठे झाली? दापोलीच्या पेन्शनर वस्तीत! गोपाळबाबा वलंगकर निवृत्त सैनिक होते. महारांची भरती बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. सुभेदार रामजीही त्याच दापोलीत येऊन राहिले.

ऐरोलीच्या बाबासाहेब स्मारकात ग्रंथालय आहे, वॉर्डावॉर्डात विहारे आहेत. रविवारी तिथे एक टेबल टाकू. शिकलेल्या पोरांनी आधी बोर्डाच्या अहवालाची प्रत मागणारा अर्ज लिहावा. भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल, तर ते सेवेतूनच आले असे धरायचे आणि नाकारायचे तर कारण लष्कराने द्यायचे, हे 2013 च्या धरमवीर सिंग निकालात आहे. दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतच आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून नियम बदलले आहेत, म्हणून निवृत्तीची तारीख पहिल्याच ओळीत लिहा.