अर्थ लागला का?

‘ईसीएम गेलाय.’ आपल्या धंद्यात याच्याइतकं महाग वाक्य दुसरं नाही, आणि इतक्या सहज तोंडातून निसटणारंही नाही. गाडी सेल्फ मारते पण सुरू होत नाही, स्कॅनर जोडला तर बोलत नाही. दोन फ्यूज बघायचे, एखादा रिले बदलायचा आणि गिऱ्हाइकापुढे हे वाक्य टाकायचं. पुढचं सगळं त्याच्या खिशावर.

गेल्या पावसाळ्यात उंब्रजला महामार्गाकडेच्या एका गॅरेजात बसलो होतो. पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या कुटुंबाची गाडी टो होऊन आली. निदान वाटेतच झालेलं होतं: ईसीएम. आधीच्या माणसानं मीटर बझरवर लावून ईसीएमची अर्थ तपासली होती आणि बझर वाजला होता. इथल्या वायरमननं बझरला हातच लावला नाही. बॅटरीची मायनस काढून त्यानं ईसीएमचा कपलर सोडवला, मायनस परत जोडली. मग इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला. त्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कपलरच्या अर्थ पिनेला. बल्ब पेटला तो काजव्यासारखा. ती अर्थ जिथं बॉडीला बसवली होती तिथं कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालेलं, बोल्टखाली रंग आणि रंगाखाली गंज. पत्रा घासून चकाकेपर्यंत साफ केला, बोल्ट आवळला. मुलांचा चहा-बिस्किटं होईतो गाडी सुरू झाली होती.

बझर खोटं बोलला नव्हता. त्याला काही मिलिअँपिअर पुरतात, वायरीतला एकच धागा शिल्लक असला तरी तो वाजतो. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो, आणि इंजेक्टर, कॉइल यांचा भार वाहणारी अर्थ खरोखर किती दमदार आहे ते तोच सांगतो. एवढी काळजी घ्या की हा बल्ब फक्त करंट आणि अर्थच्या पिनांवर. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या पिनेला तो लावलात, तर ‘ईसीएम गेलाय’ हे वाक्य खरं व्हायला वेळ लागणार नाही.

शंभरावर पिना बघून नवा माणूस बिचकतो. पण त्यातलं बरंच आपण रोज हाताळतो. रिलेच्या बुडावरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले आहेत. त्याच मानकात १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट आणि ३१ म्हणजे अर्थ. हे आकडे वापरणाऱ्या कंपन्यांच्या डायग्राममध्ये ३०, १५, ३१ आणि ८७ वरून येणाऱ्या पिना आधी पेन्सिलीनं रंगवा. ईसीएमचं जेवणखाण एवढंच. जिथं आकड्यांऐवजी नावं असतात तिथंही हीच चार माणसं वेगळ्या नावानं बसलेली असतात. वायरींच्या रंगावर मात्र विसंबू नका. जर्मन वळणाच्या गाडीत तपकिरी वायर अर्थ असते, अनेक जपानी गाड्यांत काळी.

इथं एक खड्डा आहे, आणि त्यात मीही पडलोय. बऱ्याच गाड्यांत मेन रिले ईसीएम स्वतःच ओढतो, रिलेच्या कॉइलला अर्थ तोच देतो. कपलर काढला की रिले पडलेलाच राहणार. मग ८७ वरून येणाऱ्या पिनेवर करंट दिसेल कसा? ‘करंटच येत नाही’ म्हणून हार्नेस फाडत बसण्याआधी डायग्राम बघून रिलेच्या कंट्रोल वायरीला अर्थ द्या, आणि मग मोजा.

पाच व्होल्टची लाइन हा दुसरा चकवा. एकाच वेळी मॅप, पेडल, एसी प्रेशर असे चार-पाच कोड आले, की चार-पाच सेन्सर गेले असं कुणी समजू नये. एका लाइनवर असलेल्या सेन्सरांपैकी एकानं ती अर्थला खेचली की बाकीचे उपाशी राहतात. एकेका सेन्सरचा कपलर काढत मीटरकडे बघा, ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतील तो चोर. कोणते सेन्सर एका पंगतीला बसलेत हे पिनआउटच सांगतो.

आता पिनआउटविषयी थोडं कडू. व्हॉट्सॲपवर फिरणारे निम्मे फोटो कडेनं कापलेले असतात, आणि कापला जातो तो नेमका मजकूर: चित्र वायरीच्या बाजूनं काढलंय की पिनांच्या तोंडाकडून. बाजू बदलली की डावं-उजवं उलटतं, आणि आपण सेन्सरच्या पिनेला अर्थ समजून बसतो. एकाच नावाच्या गाडीचा बीएस-४चा ईसीएम वेगळा, बीएस-६चा वेगळा, हेही फोटोवर कुठं लिहिलेलं नसतं. असा पिनआउट नसलेला बरा.

वायरीला सुई टोचून मोजायची सवयही सोडा. पाटण-कोयनेच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं आतल्या आत हिरवं पडतं. महिन्याभरानं गाडी परत येते, तीही दुसऱ्याच तक्रारीनं. कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक प्रोब सरकवा. पुढून जाड प्रोब घुसवून पिनेचं तोंड फाकवू नका.

ही पारख कागदानं कमी आणि वहीनं जास्त येते. उंब्रजच्या त्या वायरमनकडे शाळेची दोनशे पानी वही होती. दर पानावर ईसीएमच्या स्टिकरवरचा नंबर, इंजिन, साल, कपलरचं हातानं काढलेलं चित्र आणि वर ‘वायरीकडून’ किंवा ‘तोंडाकडून’. चालू गाडीवर मोजलेले व्होल्टही शेजारी. चांगली गाडी सर्व्हिसिंगला आली की दहा मिनिटं काढून तो हे मोजून ठेवतो, कारण बिघडलेल्या गाडीला ‘बरोबर किती’ हे विचारता येत नाही. अशी पानं आम्हाला पाठवा, आम्ही छापू. स्टिकरचा नंबर आणि कपलरची बाजू नसलेलं पान मात्र परत येईल.