पाय बदलताना

“आई, नवा पाय घेतोय,” असं मी जेवताना म्हटलं आणि तिचा घास तिथंच थांबला. “कुणासाठी रे?”

तर मंडळी, पाय म्हणजे रास्पबेरी पाय. क्रेडिट कार्डाएवढा कॉम्प्युटर. २०१२च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये ३५ डॉलरला निघाला, तो पोरांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून. पोरांचं माहीत नाही, पण आमच्यासारख्या आयटीवाल्यांना वीकएंडचा सॉलिड उद्योग मिळाला. पाच दिवस ऑफिसात एका कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि शनिवार-रविवार घरी त्याहून छोट्या कॉम्प्युटरसमोर!

माझ्याकडे होता पाय ३, २०१७ साली घेतलेला. त्याला काम एकच. रोज सकाळी सहाला बाबांचा आवाज लावायचा. बाबा २०१५ मध्ये गेले. त्यांना अभंग म्हणायचा नाद. गवई वगैरे नव्हते, पण टेपरेकॉर्डर समोर ठेवून म्हणायचे. मधेच खोकायचे, चहा आला की “ठेव तिथं” म्हणायचे. सगळं रेकॉर्ड झालेलं. अशा अकरा कॅसेटी. त्या मी पायवर चढवल्या, हेडफोन जॅकमधून वायर आईच्या जुन्या स्पीकरला जोडली आणि “आता कशाला हव्यात” म्हणून कॅसेटी भंगारात दिल्या. (हो, भंगारात. आणि मी आयटीत आहे.)

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सहा वाजले आणि काहीच वाजलं नाही. रात्री दोनदा लाइट गेले होते. आई काही बोलली नाही. बुधवारीही सहाला स्पीकरजवळ जाऊन बसली. मग उठून दूध तापवायला गेली.

मी काय करावं? जे ऑफिसात करतो तेच. मशीन जुनं झालं, अपग्रेड मारा! पाय ५ मागवला. हा २०२३चा. जुन्याचा प्रोसेसर १.२ गिगाहर्ट्झचा, याचा २.४चा. शिवाय मूळ बोर्डावर पहिल्यांदाच चालू-बंद करायचं बटण. अकरा वर्षं लागली त्यांना बटण सुचायला, पण असो.

डबा उघडला आणि एकेक गंमत सुरू झाली. जुना चार्जर बसेना. याला लागतो यूएसबी-सी, तोही ५ व्होल्टला ५ अँपिअर देणारा. मोबाइलचा दणकट फास्ट चार्जर लावून पाहिला, पण ५ व्होल्टवर तो तीनच अँपिअर देतो. मग पाय चालू होतो, पण यूएसबीला जोडलेल्या वस्तूंचा करंट कमी करून टाकतो. एचडीएमआयची वायर? भोक बारीक झालंय. जुनी केस? बसत नाही. वर हा गडी तापतो, म्हणजे पंखा आला. शेवटी जुनं कार्ड घातलं तर ढिम्म. २०१७ची सिस्टीम या नव्या चिपला ओळखणार कशी? आणि सगळ्यावर कडी म्हणजे हेडफोन जॅक सापडेना. दोनदा उलटा करून पाहिला. जॅक नाहीच! काढूनच टाकलाय. यूएसबी साऊंड कार्ड लावता येतं, मान्य. पण तोवर माझा उत्साह बऱ्यापैकी उतरला होता.

म्हणून सहज गंमत म्हणून जुन्या पायमध्ये कोरं कार्ड टाकून सिस्टीम चढवली. पहिल्या फटक्यात चालू! बोर्ड ठणठणीत होता. मेलं होतं ते कार्ड. पायचा सगळा संसार त्या नखाएवढ्या कार्डावर असतो. त्यावर रात्रंदिवस काही ना काही लिहिणं चालू असतं, आणि नेमके तेव्हाच लाइट गेले की फायलींचा हिशोब विस्कटतो. आठ वर्षांत मी कार्ड बदललं नव्हतं. दुसरी कॉपी? नव्हती.

त्या क्षणी पोटात खड्डा पडला, खरं सांगतो.

लॅपटॉपला कार्ड लावलं आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम चालवला. फुकट मिळतो. आधी चांगला भाग उतरवून घेतो, मग खराब भागावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसतो. दोन रात्री चालला. दहा कॅसेटी पूर्ण मिळाल्या. अकरावी चौदाव्या मिनिटाला तुटते.

आता जुना पाय ३ परत स्पीकरजवळ, नव्या कार्डासह. पाय ५ला हार्ड डिस्क जोडलीय. रोज रात्री दोनला तो जुन्यावरचं सगळं आपल्याकडे उतरवून घेतो. एवढ्या तगड्या मशीनला एवढंसं काम म्हणजे हत्तीकडून दळण आणवण्यासारखं आहे. एक प्रत बंगलोरला बहिणीकडे पाठवली.

सोमवारी सहाला खोकला ऐकू आला, मग अभंग. आई ओट्यापाशी होती. गुरुवारी त्या तुटक्या कॅसेटची पाळी आली. चौदाव्या मिनिटाला आवाज थांबला तशी ती म्हणाली, “इथं चहा आला असेल त्यांचा.”