आपणच आपले परीक्षक

सेवानिवृत्तीनंतर मी संगणकशास्त्र शिकावयास बसलो, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाला हा छंद कशासाठी? पण मला कुतूहल होते. मजजवळ वर्ग नव्हता, शिक्षक नव्हता. एक पुस्तक आणि नातवाचा जुना संगणक, एवढेच साहित्य होते.

पुस्तकात एक सुरेख युक्ती होती. अकारविल्हे लावलेल्या १००० शब्दांतून एक शब्द शोधावयाचा आहे. पहिल्यापासून पाहत गेलो, तर कदाचित सर्वच्या सर्व तपासावे लागतील. त्याऐवजी मधला शब्द पाहावा. आपला शब्द त्याच्या आधीचा असेल, तर नंतरचा अर्धा भाग सोडून द्यावा. नंतरचा असेल, तर आधीचा सोडावा. उरलेल्या भागाचे पुन्हा तसेच करावे. अशा रीतीने फार तर १० वेळा पाहून शब्दाचा छडा लागतो! मी समाधानाने मान डोलावली आणि पान उलटले.

पुढे तीच युक्ती संगणकास आज्ञा लिहून सांगितली. शब्द भराभर सापडू लागले. मग सहज, यादीत नसलेला एक शब्द दिला. संगणक शोधीतच राहिला, थांबेना! शोधण्याजोगा शब्द उरला नाही की थांबावे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. कागदावर सात शब्द मांडून एकेक पायरी हाताने केली, तेव्हा कोठे माझी चूक मला दिसली.

मुलांनो, समजल्यासारखे वाटणे निराळे आणि समजणे निराळे. शिक्षक केवळ माहिती सांगत नाहीत. आपल्याला अडचणीत टाकणारा प्रश्न ते नेमका विचारतात. एकट्याने शिकणाऱ्यास तो प्रश्न स्वतःलाच विचारावा लागतो. म्हणून स्वयंअध्ययन सोपे नाही, असे माझे मत आहे.

ते अशक्य मात्र नाही. ज्यांच्या तर्कगणितावर आजच्या संगणकांची मांडणी उभी आहे, ते जॉर्ज बूल इंग्लंडमधील लिंकन गावच्या एका जोडे शिवणाऱ्याचे पुत्र. त्यांना विद्यापीठाची पदवी नव्हती. उच्च गणित ते स्वतःच शिकले आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे गणिताचे प्राध्यापक झाले. पण ते एकलकोंडे राहिले नाहीत. आपले लेखन ते केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकाकडे पाठवीत, जाणकारांचा सल्ला घेत.

तुम्हीही एकट्याने अवश्य शिका. मात्र वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि तेच स्वतः करून पाहा. केलेले काम जाणत्यास दाखवा. चूक निघाली, तर खट्टू होऊ नका. माझा संगणक ज्या दिवशी थांबेना, त्याच दिवशी माझे खरे शिक्षण सुरू झाले.